धारच्या लोहस्तंभाची तीन शकले

नर्मदेकाठची धरमपुरी सोडून उत्तरेला निघाले की निमाडची सखल जमीन मागे पडते, विंध्याची कड चढावी लागते आणि वर माळव्याच्या पठारावर धार लागते. परमारांची ही राजधानी अठराव्या शतकात पवारांच्या हाती आली आणि पुढे दोनशे वर्षे मराठी संस्थानाची गादी म्हणून नांदली. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ मध्ये इथल्याच किल्ल्यात झाला. शहराच्या दक्षिणेला लाट मशिदीच्या आवारात एका ओट्यावर लोखंडाचे तीन अवजड तुकडे आडवे मांडलेले आहेत. सर्वांत मोठा जवळजवळ साडेसात मीटरांचा, दुसरा साडेतीन आणि तिसरा सव्वादोन मीटरांच्या आसपास. एकापुढे एक ठेवले तर सव्वातेरा मीटर उंचीचा आणि सुमारे ७,३०० किलो वजनाचा एकच स्तंभ डोळ्यांपुढे उभा राहतो. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ याच्या निम्म्याहून थोडाच लांब आहे. तरीही पाठ्यपुस्तकांत दिल्लीचा स्तंभ असतो, कारण तो उभा आहे आणि गंजलेला नाही. धारचा स्तंभ मोडला, म्हणून तो तळटीपेत गेला. हा न्याय उलटा आहे. एखादा पदार्थ आतून कसा रचला आहे आणि त्याचे बळ कुठून कुठवर पुरते, हे तो मोडतो तेव्हाच कळते. त्या दृष्टीने धारची तीन शकले दिल्लीच्या अभंग स्तंभापेक्षा अधिक बोलकी आहेत, आणि आज तंतूंनी बळकट केलेल्या संमिश्र पदार्थांविषयी अभियंते जे शिकवतात त्याचा गाभा या शकलांच्या इतिहासात सापडतो.

हा स्तंभ कोणी उभारला याचा लेख त्याच्यावर नाही. परंपरा भोजराजाचे नाव घेते, आणि अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करणाऱ्या, वास्तुशास्त्रावरचा ‘समरांगणसूत्रधार’ ज्याच्या नावावर आहे अशा राजाच्या दरबाराला असे काम शोभलेही असते. दुसरा तर्क तेराव्या शतकाच्या आरंभीच्या अर्जुनवर्म्याकडे जातो. गुजरातच्या जयसिंहावर त्याने मिळवलेल्या विजयाचे वर्णन मदनकवीच्या ‘पारिजातमंजरी’ नाटकात आहे. या नाटकाचा शिलालेख १९०३ मध्ये धारमध्येच उजेडात आला, आणि त्या शोधाचे श्रेय संस्थानाच्या शिक्षण खात्याचे प्रमुख काशिनाथ कृष्ण लेले यांना आहे. जिंकलेल्या शत्रूची शस्त्रे वितळवून हा जयस्तंभ केला अशी कथाही सांगितली जाते. कर्ता भोज असो वा अर्जुनवर्मा, या कथेतला ‘वितळवून’ हा भाग मात्र खरा असू शकत नाही. या लोखंडाने आपल्या घडणीत द्रवरूप कधी पाहिलेच नव्हते, आणि स्तंभाचे सारे बळ व सारे दौर्बल्य त्यातूनच आले आहे.

जुन्या भारतीय भट्टीत कोळसा आणि लोहखनिज थराथराने भरून भात्याने वारा देत. आतली उष्णता लोखंड वितळण्याइतकी नसे. खनिजातला प्राणवायू निघून जाई आणि तळाशी स्पंजासारखा सच्छिद्र लोखंडाचा गोळा उरे. त्याच्या छिद्रांत कीट अडकलेला असे, म्हणजे खनिजातल्या दगडमातीचा काचेसारखा रस. गोळा लाल-पांढरा असताना घणाखाली घालून कुटला की बराच कीट पिळून बाहेर पडे, पण सगळा नाही. जो राही तो लोखंडाबरोबर ताणला जाऊन बारीक लांबट रेषांच्या रूपाने आत पसरे. असे घडीव लोखंड हळूहळू वाकवून मोडले तर ते बांबूच्या ओल्या काठीसारखे तंतुमय होऊन फाटते. शिवाय एका भट्टीतून निघणारा गोळा काही किलोंचाच. सात टनांचा स्तंभ करायचा तर असे शेकडो गोळे पुन्हा तापवून, वाढत जाणाऱ्या खांबाला भिडवून, घणांच्या माऱ्याने एकजीव करावे लागतात. कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रह्मण्यम यांनी दिल्लीबरोबर धारच्या स्तंभाचाही बारकाईने अभ्यास केला, आणि दोन्ही स्तंभ अशा तापवून-ठोकून सांधलेल्या गोळ्यांचे आहेत हे त्यांनी मांडले. धारच्या तुकड्यांवर जागोजाग खोल गोल भोके आहेत. घडवताना हा अजस्र, तापलेला भार धरायला, फिरवायला आणि सरकवायला त्यांचा उपयोग झाला असावा, असे अनुमान आहे. म्हणजे हा स्तंभ तीन गोष्टींचा बनला आहे: मऊ, चिवट लोखंड, त्यात पसरलेले ठिसूळ कीटतंतू, आणि गोळ्यागोळ्यांमधले सांधे.

नर्मदेच्या खोऱ्यात पुढे लोखंड करण्याची दुसरी वाटही चोखाळून पाहिली गेली. धरमपुरीच्या पूर्वेला, नर्मदेच्या याच काठावर बडवाह आहे. तिथे १८६० च्या दशकात इंग्रज सरकारने मितांदर या स्वीडिश अभियंत्याकडून कोळशावर चालणारी झोतभट्टी उभारून घेतली. कारखाना बांधून झाला, पण नियमित उत्पादन सुरू होण्याआधीच सरकारने तो गुंडाळला. झोतभट्टीत लोखंड वितळते, कीट वर तरंगून वेगळा होतो आणि रस साच्यात ओतता येतो. मग गोळे नकोत आणि सांधेही नकोत. पण तसल्या ओतीव लोखंडात कर्ब इतका उतरतो की दाब ते उत्तम सोसते आणि ताण पडला की काचेसारखे तडकते. तेव्हा बिनसांध्याचे लोखंड म्हणजे भक्कम लोखंड, असे समीकरण मांडता येत नाही. परमारकालीन लोहारांनी पत्करलेल्या सांध्यांच्या मोबदल्यात त्यांना चिवटपणा मिळाला होता.

आता हा स्तंभ पडला कसा, ते पाहू. माळवा १३०५ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या फौजेने जिंकला आणि परमारांचे राज्य संपले. शंभर वर्षांनी, १४०५ मध्ये, दिलावरखान घोरीने धारमध्ये मशीद बांधली आणि स्तंभाचा मोठा भाग तिच्यापाशी उभा राहिला. या लाटेवरूनच, म्हणजे स्तंभावरूनच, मशिदीला लाट मशीद नाव पडले. मधल्या काळात केव्हा तरी स्तंभ पहिल्यांदा कोसळून त्याचा एक तुकडा वेगळा झाला, असे अभ्यासक मानतात. दुसऱ्या पडझडीची हकिकत जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. १५३१ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने माळवा घेतला आणि हा स्तंभ गुजरातेत न्यावा असे त्याच्या मनाने घेतले. उकरून काढताना नीट काळजी घेतली गेली नाही, स्तंभ जमिनीवर आदळला आणि त्याचे दोन तुकडे झाले. १६१७ मध्ये धारला आलेल्या जहांगिराने हे तुकडे नुसते पडलेले पाहिले. मोठा तुकडा आग्र्याला नेऊन अकबराच्या कबरीच्या अंगणात उभा करावा आणि रात्री त्याच्या टोकावर दिवा लावावा, असा हुकूम त्याने दिला. हुकूम अमलात आला नाही आणि लोखंड धारमध्येच राहिले. पवारांच्या अमदानीत तुकडे शहरात वेगवेगळ्या जागी होते. त्यांतला एक आनंद हायस्कूलच्या आवारात होता. पुण्याहून काम पाहणाऱ्या पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे हेन्री कझिन्स यांनी १९०२-०३ च्या अहवालात या स्तंभावर स्वतंत्र टिपण लिहिले, तुकडे मोजले आणि ते एकाच स्तंभाचे असल्याचे दाखवले. १९८० च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने तिन्ही तुकडे ओट्यावर एकत्र आणले.

या हकिकतीचा सर्रास काढला जाणारा निष्कर्ष असा, की आक्रमकांनी स्तंभ मोडला, नाही तर लोखंडच हलके होते. हिशेब मांडला तर दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. स्तंभाचे वजन आणि लांबी पाहता त्याचा सरासरी छेद साधारण २७ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाएवढा येतो. तो उभा असताना पायथ्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर फक्त १० किलोंचा दाब पडत होता. एवढ्या दाबाखाली कीटतंतू असोत की अर्धवट जुळलेला सांधा, सगळेच मिटून घट्ट राहते. आता तोच स्तंभ दोन्ही टोकांना आधार देऊन आडवा ठेवला तर मध्यावर खालच्या अंगाला दर चौरस सेंटिमीटर सुमारे ३८० किलोंचा ताण येतो. स्वतःच्याच वजनाने, आणि उभ्या स्थितीतल्या दाबाच्या सदतीसपट. शिवाय आधी जो दाब होता तो आता ताण झाला. मिटलेल्या भेगेला दाब बंद ठेवतो, ताण उघडतो. तरीही चांगल्या घडीव लोखंडाची तंतूंच्या दिशेतली ताणशक्ती दर चौरस सेंटिमीटर ३,००० किलोंच्या घरात असते, म्हणजे या ताणाच्या जवळजवळ आठपट. नुसते आडवे पडल्याने असे लोखंड मोडायला नको होते. मोडले, याचा अर्थ ताण सर्वांत जास्त जिथे आला तिथे लोखंडाऐवजी एखादा कमकुवत सांधा त्याला सामोरा गेला, आणि तो ताण सावकाश न येता आदळण्याच्या क्षणी कैकपटीने वाढून आला. जिथे दोन गोळ्यांमधली सीमा खांबाच्या लांबीला आडवी आली असेल आणि तापवताना धरलेला गंज किंवा उरलेला कीट घणाने पुरता बाहेर काढला नसेल, तिथे सात टनांचा स्तंभ त्या एका पातळ थराइतकाच बळकट होता.

यावर कोणी म्हणेल, दिल्लीचा स्तंभही त्याच पद्धतीने घडवलेला आहे आणि तोही मूळ जागेवरून, बहुधा विदिशेजवळच्या उदयगिरीवरून, दिल्लीपर्यंत नेला गेला. मग तो का मोडला नाही? आक्षेप रास्त आहे, आणि उत्तर आकारात आहे. आडव्या दांड्यातला स्वतःच्या वजनाचा ताण लांबीच्या वर्गाने वाढतो आणि जाडी वाढली की घटतो. दिल्लीचा स्तंभ सव्वासात मीटरांच्या आत-बाहेर, सहा टनांहून अधिक वजनाचा आणि पायथ्याशी ४२ सेंटिमीटर जाड आहे. त्याच रीतीने आडवा ठेवला तर त्याच्या मध्यावरचा ताण १०० ते ११० किलोंच्या आसपास येतो, म्हणजे धारच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. सांधे त्यालाही आहेत, पण त्यांना धारच्या सांध्यांइतकी कठोर परीक्षा द्यावी लागली नाही. दिल्लीच्या स्तंभाने तोफगोळ्याचा एक तडाखा सोसला आहे. त्याची खोलगट खूण अजून दिसते आणि तिच्या विरुद्ध बाजूला आडव्या भेगाही पडलेल्या आहेत. भेगा आडव्या का, याचे उत्तर पुन्हा सांध्यांकडेच जाते. दिल्लीचा स्तंभ वाचला तो अधिक चांगल्या लोखंडामुळे, असे म्हणायला आधार नाही. तो आखूड आणि जाड होता, आणि बहुतेक काळ उभा होता.

दुसरा आक्षेप धातुशास्त्राचा आहे. भारतीय भट्ट्यांत चुना घालत नसत, म्हणून खनिजातले फॉस्फरस लोखंडात उतरे. याच फॉस्फरसने गंजाला अडवणारा थर तयार व्हायला मदत केली, पण हेच फॉस्फरस लोखंडाला थंडपणी ठिसूळ करते. मग सांध्यांना दोष कशाला, लोखंडच ठिसूळ होते असे का म्हणू नये? यात तथ्य आहे, पण ते तथ्य मूळ मुद्द्याला बळ देते. फॉस्फरसचा ठिसूळपणा सर्वांत जास्त जाणवतो तो अचानक आघाताखाली. युरोपने हा धडा महाग मोजून घेतला. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून आगगाडी पेटली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. तुटलेल्या आसाचे तोंड चकचकीत, स्फटिकासारखे दिसले. तेव्हा धक्क्यांनी लोखंडातले तंतू नाहीसे होऊन त्याचे स्फटिक बनतात, असा समज पसरला. रँकिन या अभियंत्याने पुढच्याच वर्षी दाखवले की तंतू जागच्या जागी असतात आणि भेग आसाच्या खांद्यापासून हळूहळू आत सरकते. मग ग्लासगोत नेपियर यांच्या कारखान्यात डेव्हिड किर्काल्डीने शेकडो नमुने तोडून पाहिले आणि १८६२ मध्ये निष्कर्ष छापले. एकच लोखंड सावकाश ताणून तोडले तर तंतुमय फाटते आणि झटक्याने तोडले तर स्फटिकमय तडकते. बहादूरशहाच्या माणसांनी धारच्या स्तंभावर नकळत किर्काल्डीचा दुसरा प्रयोग केला होता. लोखंड तेच होते, पण भार आला तो झटक्याने, आणि आला तो आडव्या दिशेने.

दिशेचे महत्त्व किती, हे १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकच्या रिव्हिटांनी दाखवले. समुद्रतळातून वर काढलेल्या घडीव लोखंडाच्या रिव्हिटा तपासल्या तेव्हा काहींत कीट जास्त आढळला, आणि रिव्हिट ठोकून डोके बसवताना कीटतंतू डोक्यापाशी काटकोनात वळलेले दिसले. दांड्याच्या लांबीत जे तंतू ताणाला समांतर होते तेच डोक्यापाशी ताणाला आडवे आले, आणि नेमके तिथेच डोके उडण्याची वाट तयार झाली. पदार्थात बदल नव्हता, बदलली होती फक्त तंतूंची दिशा.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. आजचे संमिश्र पदार्थ म्हणजे काच किंवा कार्बनचे तंतू हिशेबाने मांडून रेझिनमध्ये बसवलेले थर. लोहाराच्या भट्टीत राहून गेलेल्या कीटाची त्यांच्याशी तुलना करणे म्हणजे योगायोगाला योजनेची प्रतिष्ठा देणे नव्हे काय? लोहाराने कीट मुद्दाम घातला नव्हता, हे मान्य. पण भेगेला हेतू कळत नाही. तिच्या वाटेत काय येते एवढेच तिला ठाऊक. ग्रिफिथ या अभियंत्याने १९२० मध्ये दाखवले की काचेसारखा पदार्थ त्याच्यातल्या सूक्ष्म भेगांमुळे दुबळा असतो, आणि काचेचा तंतू जितका बारीक ओढावा तितका तो बळकट होतो. १९६४ मध्ये कुक आणि गॉर्डन या संशोधकांनी त्याला पूरक अशी उलटी वाटणारी गोष्ट मांडली: ठिसूळ पदार्थात तंतू आणि भोवतालचा भराव यांचा सांधा मुद्दाम थोडा दुबळा ठेवला, पदार्थाच्या बळाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहून कमी, तर येणारी भेग त्या सांध्याशी अडते, बाजूला वळते आणि तिची धार बोथट होते. भेगेच्या वाटेला आडवे आलेले, म्हणजे ताणाशी समांतर धावणारे दुबळे थर पदार्थ वाचवतात. भेगेच्या दिशेनेच, म्हणजे ताणाला आडवे पसरलेले दुबळे थर पदार्थ मोडतात. धारच्या स्तंभात दोन्ही प्रकार एकत्र आहेत. लांबीबरोबर ताणलेले कीटतंतू पहिल्या प्रकारचे, आडवे सांधे दुसऱ्या प्रकारचे. स्तंभ चिवटही होता आणि तो मोडलाही, या दोन्ही गोष्टींचे कारण एकाच नियमात सापडते.

संकरित संमिश्रांचा विचार याच वाटेने पुढे जातो. कार्बनतंतू ताठ आणि बळकट, पण थोडे ताणले की तुटतात. काचतंतू त्यापेक्षा बरेच ताणले जातात. दोन्ही एकत्र विणले तर कार्बन तुटल्यावरही काच भार झेलत राहते आणि तुकडा एका क्षणात मोडत नाही. १९७२ मध्ये हायाशी या जपानी संशोधकाने आणखी एक गोष्ट नोंदवली: काचेच्या सोबतीत कार्बनचे थर एरवीपेक्षा अधिक ताण सोसून मगच तुटतात, कारण एका तंतूची भेग शेजाऱ्यांपर्यंत सरसर पोचू शकत नाही. पण हा सारा फायदा थर एकमेकांना धरून आहेत तोवरच टिकतो. थर सुटू लागले की तंतू अखंड असूनही पदार्थ निकामी होतो, आणि थर सुटणे बाहेरून दिसतही नाही. देवासजवळच्या जामगोदरानीच्या टेकड्यांवर १९९० च्या दशकापासून पवनचक्क्या फिरत आहेत, आणि माळव्याच्या पठारावर आता त्यांच्या रांगा दिसतात. पवनचक्कीची पाती काचतंतूंची असतात. फार लांब पात्यांत कण्याच्या पट्टीला कार्बनतंतूंची जोडही देतात. अशा पात्याचे दोन अर्धे कवच वेगळे घडवून काठाशी चिकटवले जातात, आणि वर्षानुवर्षांच्या हेलकाव्यांनंतर पाते उकलू लागते ते बहुधा या चिकटवलेल्या काठापाशी. काचेचा तंतू क्वचितच आधी हार मानतो. लोखंड गेले, रेझिन आले. गोळे गेले, थर आले. पण मोठी वस्तू लहान भागांतून सांधून करावी लागते तोवर तिच्या बळाचा निर्णय सांधाच देतो.

म्हणून धारच्या स्तंभाकडे प्राचीन भारतीयांच्या निष्कलंक कौशल्याचा पुरावा म्हणून पाहणे जितके अपुरे, तितकेच त्याला सदोष लोखंड ठरवणेही चुकीचे. त्याच्या कर्त्यांनी शेकडो गोळ्यांचा सव्वातेरा मीटर उंच खांब उभा केला, आणि ज्या कामासाठी तो घडवला, म्हणजे स्वतःचा भार घेऊन उभे राहणे, ते काम त्याने निमूटपणे केले. त्याला आडवे पाडणाऱ्यांनी त्याच्यापुढे असा प्रश्न ठेवला, जो त्याच्या कर्त्यांनी कधी विचारात घेतला नव्हता. आज पिथमपूरच्या कारखान्यांत किंवा पुण्याच्या प्रयोगशाळांत जो तरुण अभियंता काचतंतूंचे थर मांडतो, त्याच्यापुढेही हाच प्रश्न आहे: नेहमीच्या भाराखाली पदार्थ किती बळकट आहे हे पुरेसे नाही, न ठरवलेल्या दिशेने, न ठरवलेल्या वेगाने भार आला तर तो कुठून उघडेल, हे आधी ठाऊक हवे. या विद्यार्थ्यांना धारच्या ओट्यापाशी नेऊन हे तुकडे दाखवायला हवेत, आणि स्तंभाला इजा न करणाऱ्या आधुनिक तपासण्यांनी त्यांची मोडलेली तोंडे पुन्हा वाचायला हवीत. दिल्लीच्या स्तंभाने आपल्याला गंजाचे शास्त्र दिले. भंगाचे शास्त्र शिकवणारे तेवढ्याच तोलाचे लोखंड माळव्यात आहे, आणि ते शिकवू शकते ते मोडले आहे म्हणूनच.